आत की शेजारी

जगातल्या कुठल्याही दोन वस्तू एकमेकींच्या आत आहेत की नुसत्या शेजारी शेजारी आहेत, या एका प्रश्नावर ज्याची भूक उडते असा मनुष्य सबंध मुळशी तालुक्यात एकच आहे, आणि माझं नशीब असं की तो माझा साडू आहे. साडू हे नातं तसं निरुपद्रवी. बायकांच्या माहेरी चार कार्यांत भेटावं, सासरच्या मंडळींबद्दल हळू आवाजात एकमत करावं आणि आपापल्या घरी जावं, यापलीकडे त्या नात्याकडून कुणाची काही अपेक्षा नसते. पण माझ्या लग्नाच्या मांडवात, अक्षता अजून केसांत असताना, या गृहस्थांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "तुझ्या पाकिटात हिचा फोटो आहे?" मी लाजून हो म्हटलं. "पाकिटात, की पाकिटातल्या कप्प्यात?" मी म्हटलं, कप्प्यात. त्यावर त्यांनी समाधानाने मान हलवली. "म्हणजे आत आहे, पण थेट आत नाही. हा फरक लोकांना कळत नाही, म्हणून सगळीकडे हा गोंधळ चाललाय." कसला गोंधळ हे विचारायचं धाडस मला झालं नाही. पुढे कळायला लागलं तेव्हा उशीर झाला होता, कारण आम्ही दोघांनीही बावधनला एकाच सोसायटीत फ्लॅट घेतले होते.

ते मूळचे परभणीकडचे. नोकरीसाठी इकडे आले आणि वीसेक वर्षं एकाच कंपनीत एकच काम करत आहेत. कारखान्यांतल्या अवजड यंत्रांची जी जाडजूड माहितीपुस्तकं असतात, ती सगळी एका एक्सएमएल डेटाबेसमध्ये ठेवायची आणि त्यांचा इंडेक्स बांधायचा. हे काम काय आहे ते त्यांनी मला किमान पन्नास वेळा समजावलंय, त्यातलं मला समजलंय ते असं. माहितीच्या प्रत्येक तुकड्याला एक पाकीट असतं, त्यावर नाव असतं. पाकिटात पाकिटं, त्यांत आणखी पाकिटं. यंत्राच्या आत गिअरबॉक्स, गिअरबॉक्सच्या आत झाकण, झाकणाच्या आत बोल्ट. आता कुणी विचारलं की गिअरबॉक्समध्ये बोल्ट कुठले, तर नुसतं 'बोल्ट' म्हणून शोधून चालत नाही, सगळ्या कारखान्याचे बोल्ट अंगावर येतात. आणि एकेक पाकीट उघडून बघत बसलं तर तोवर यंत्र भंगारात जातं. म्हणून साडू प्रत्येक पाकिटाला दोन आकडे देतात, एक ते उघडतं तिथे आणि एक ते मिटतं तिथे. "ज्याचे दोन्ही आकडे तुझ्या दोन आकड्यांच्या मध्ये, तो तुझ्या पोटात. मग पोटात असो नाहीतर पोटातल्या पोटातल्या पोटात. आत डोकवायचं कामच नाही! काय सांगायलो मी, आलं का ध्यानात?" एवढं बोलून ते समोरच्याच्या चेहऱ्याकडे अशा आशेने बघतात की नाही म्हणवत नाही. सगळेच हो म्हणतात. साडू इतके भोळे नाहीत, त्यांना ते हो ओळखता येतं. माणसाने आयुष्यभर एक गोष्ट मनापासून करावी आणि ती एकालाही खरोखर कळू नये, याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर दिसतं आणि मग ते पुन्हा पहिल्यापासून समजवायला घेतात.

ही विद्या त्यांनी ऑफिसात ठेवली असती तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण मेहुणीच्या स्वयंपाकघरात प्रत्येक डब्यावर दोन-दोन आकड्यांच्या चिठ्ठ्या आहेत. कपाट एक ते दोनशे, त्यातला मसाल्याचा डबा चाळीस ते साठ, त्यातली जिऱ्याची वाटी सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस. एकदा फोडणीचं तेल कडकडीत तापलेलं असताना मेहुणीने ओरडून विचारलं, "अहो, हिंग कुठंय?" बाहेरून शांत आवाज आला, "एक्कावन्न-बावन्न." त्या दिवशी वरणाला फोडणी बसली नाही, आणि साडूंना मात्र बसली. पत्ता लिहितानाही ते बाहेरून आत येतात. आधी महाराष्ट्र, मग पुणे जिल्हा, मग मुळशी तालुका, मग बावधन, असं करत शेवटी डावीकडचं दार. कुरिअरवाला बिचारा फाटकाशी उभा राहून पत्ता खालून वर वाचतो. सासऱ्यांच्या पंच्याहत्तरीला घरच्यांचा फोटो काढायचा होता, तेव्हा फोटोवाल्याला खुर्चीत बसवून रांग यांनीच लावली. सासूबाई डाव्या टोकाला, सासरे उजव्या टोकाला, मध्ये लेकी-जावई-नातवंडं जोडीजोडीने. सासऱ्यांनी कुरकुर केली, मी तिच्या शेजारी का नको? साडू म्हणाले, "तुम्ही शेजारीच आहात, पण सगळ्यांना पोटात घेऊन. आई इथे उघडतात, तुम्ही तिथे मिटता." सासूबाई पटकन म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून ते मिटूनच आहेत." पदराआडून हसून त्यांनी पुढे हेही जाहीर केलं, की जावयांमध्ये शहाणा हाच.

त्यांचं बोलणंही त्याच पद्धतीचं. एक गोष्ट सुरू करतात, तिच्या पोटात दुसरी उघडते, दुसरीत तिसरी. इतर माणसं अशा वेळी भरकटतात आणि मूळ गोष्ट विसरून चहा मागवतात. साडू विसरत नाहीत. ते उघडलेली प्रत्येक गोष्ट उलट्या क्रमाने, एकही न चुकवता मिटवत येतात. एका श्रावणात आम्ही ताम्हिणीला गेलो होतो. धाब्यावर पिठलं-भाकरीची वाट बघताना त्यांनी आपल्या मामेभावाच्या मोटारसायकलची गोष्ट काढली, तिच्यात मेकॅनिक आला, मेकॅनिकची बहीण आली, बहिणीच्या सासरची विहीर आली, विहिरीत पडलेलं घमेलं आलं. जेवण झालं, पाऊस झाला, घाट उतरलो, पौड मागे पडलं. पिरंगुटला घमेलं वर आलं, भूगावला बहीण सासरी नांदायला लागली, आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीचं इंजिन बंद केल्यावर आम्ही सगळे दारं न उघडता बसून राहिलो, कारण मोटारसायकल अजून सुरू व्हायची होती. ती झाल्यावरच उतरता आलं.

तर असा हा माणूस एका रविवारी मेहुणीच्या गच्चीतल्या कुंड्यांसाठी लेंडीखत आणायला मला घेऊन घोटावड्याला गेला. गावाबाहेर, कारखान्यांच्या पत्र्याच्या कुंपणांपलीकडे एका माळाच्या तुकड्यावर ठकूबाईंची मेंढरं असायची. ठकूबाई म्हणजे सत्तरीची, उन्हाने वाळलेली, ताठ बाई. मुलगा जवळच्या कारखान्यात पाळीवर जाई, मेंढरांचं सगळं ही एकटी बघे. मी पोती भरत होतो आणि साडू सवयीप्रमाणे नुसतं काहीतरी विचारायचं म्हणून विचारते झाले, "मावशी, हे कोकरू कुणाचं?"

"त्ये व्हय? भोरीचं," ठकूबाई म्हणाल्या. "भोरी बुचीची. बुची लंगडीची, आन् लंगडी त्या थोरल्या काळीची. काळीच्या पोटच्या चौगी हुत्या, त्यातल्या दोगींची हितं हायेत, बाकीच्यांचं न्हाई ऱ्हायलं. ती तितं उभी हाय ना टिक्कीवाली, ती बी काळीचीच, पर बुचीच्या अंगानं न्हवं, दुसऱ्या अंगानं."

साडू तिथल्या दगडावर मट्कन बसले. मला वाटलं ऊन लागलं. मी पाण्याची बाटली पुढे केली, तर त्यांनी ती नुसती हातात धरली आणि विचारलं, "म्हणजे टिक्कीवाली काळीच्या आत आहे, पण बुचीच्या शेजारी?"

"मंग!" ठकूबाई म्हणाल्या. "त्येच तर सांगतुया."

वीस वर्षांत त्यांना असं उत्तर कुणी दिलं नव्हतं. पुढच्या रविवारी कुंड्या तुडुंब भरलेल्या असतानाही आम्ही पुन्हा खत आणायला गेलो. त्याच्या पुढच्याही. मेहुणी म्हणाली, "एवढ्या खतात आता मीच उगवेन." तिसऱ्या का चौथ्या रविवारी ठकूबाईंनी मनातलं सांगितलं. गुडघे राहिले नव्हते, चराईच्या माळाला एकेक करून कुंपणं पडत होती, आणि दिवाळी झाली की मेंढरं विकायची असं मायलेकांचं ठरलं होतं. त्याचंही त्यांना तेवढं वाईट वाटत नव्हतं. "इकायची तर इकायची," त्या म्हणाल्या, "पर कोन कुनाची हे माज्या एकलीच्याच डोस्क्यात हाय. आन् त्ये डोस्कं आता दगा देतंय. मागल्या म्हैन्यात टिक्कीवालीच्या आयेचं नावच आठवंना. दोन दिस घास गोड लागला न्हाई. तिसऱ्या दिशी आठवलं, पर भ्या बसलं ते बसलंच."

साडूंनी चष्मा काढून पुसला. "मावशी," ते म्हणाले, "दिवाळीच्या आत मी सगळं बांधून देतो."

आता खरं तर त्यांनी वही घेऊन बसायला हवं होतं. पण ते पडले तज्ज्ञ. त्यांनी ठरवलं की आकडे थेट मेंढरांवरच हवेत. पहिल्यांदा त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या गळ्यात बांधल्या. कळपात चार शेळ्या होत्या हे ते विसरले. संध्याकाळपर्यंत शेळ्यांनी निम्मा इंडेक्स खाल्ला होता. मग गेरू आला. मेंढीच्या डाव्या कुशीवर उघडायचा आकडा, उजव्या कुशीवर मिटायचा. मेंढ्या धरायचं काम माझ्याकडे होतं, आणि त्या दिवशीचा माझा पांढरा शर्ट आमच्याकडे अजून फरशी पुसायला आहे. पुढे जन्मणाऱ्या कोकरांसाठी मध्ये जागा सोडायला हवी, हे साडूंना अर्थातच ठाऊक होतं. मेंढी एका खेपेला एकच कोकरू देते असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं, म्हणून प्रत्येकीच्या पोटात त्यांनी बरोबर दोन आकड्यांची जागा मोकळी ठेवली. पुढच्या रविवारी आम्ही जाऊन बघतो तो भोरीची लेक व्यायलेली, आणि जुळं.

एका कोकराला आकडे होते. दुसऱ्याला जागाच नव्हती. त्याला आकडे द्यायचे तर त्याच्या पुढचे सगळे दोन-दोनने सरकवायला हवे, त्याच्या आईचा मिटायचा आकडा, आजीचा, पणजीचा, आणि पलीकडच्या सगळ्या शाखेचे दोन्ही. साडूंनी गंभीरपणे बाह्या सरसावल्या आणि गेरूची बादली मागितली.

ठकूबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. "आता काय करताय?"

"पुन्हा रंगवतो, मावशी. सगळ्यांना."

"एक पिल्लू जादा आलं, म्हून अख्ख्या कळपाला रंगवायचं?" त्यांनी बादली उचलून कुंपणाबाहेर नेऊन ठेवली. "सायेब, तुमी लई शिकल्यालं हाय, पर मेंढरू काय भित्ताड न्हवं. बसा हितं. मी सांगते, तुमी लिवा."

आणि साडू बसले. त्या दिवसापासून दिवाळीपर्यंतचा प्रत्येक रविवार तसाच गेला. ठकूबाई दगडावर, साडू उलट्या घमेल्यावर, लॅपटॉप मांडीवर, आणि पडद्यावर ऊन येऊ नये म्हणून त्यांच्या डोक्यावर छत्री धरून मी. ठकूबाई सांगायच्या आणि साडू पाकिटात पाकीट घालत जायचे. या खेपेला जागा मुबलक सोडत होते, मोठमोठ्या उड्या मारत आकडे देत होते. एकदा ते थबकले. "मावशी, ही लंगडी तर मेली ना? मग तिला मांडायचं का?"

"मेली म्हून काय आई न्हाई का ती?" ठकूबाई म्हणाल्या.

साडूंनी माझ्याकडे बघितलं. मी छत्री सावरली. मग मेलेल्याही आल्या, लांडग्याने नेलेल्या, पुरात गेलेल्या, पाहुण्यांसाठी कापलेल्या. एकेका नावाशी ठकूबाई थांबायच्या, कधी दोन मिनिटं, कधी दहा, ओठ हलायचे, आणि नाव यायचं. साडूंना घाई करवत नव्हती आणि दिवाळी तर जवळ येत होती. शेवटच्या रविवारी आम्ही मुळापर्यंत पोचलो. सगळ्या कळपाच्या बाहेरचं पाकीट म्हणजे एकच मेंढी होती, ठकूबाईंच्या लग्नात त्यांच्या बापाने आंदण दिलेली. तिला नाव नव्हतं. "म्हायेरची म्हनायचे तिला," त्या म्हणाल्या. साडूंनी 'माहेरची' असं लिहिलं, सगळ्यांच्या आधीचा आकडा तिला दिला आणि सगळ्यांच्या नंतरचाही.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात मेंढरं गेली. निम्मी एकाने नेली, निम्मी दुसऱ्याने. त्या रविवारी आम्ही गेलो तेव्हा माळावर जाळीचं कुंपण गुंडाळून ठेवलेलं होतं आणि ठकूबाई नेहमीच्या दगडावर बसलेल्या होत्या, करायला काही नसल्यासारख्या. मी सवयीने छत्री उघडली. तेव्हा त्याच म्हणाल्या, "काडा तुमची पेटी. मी इचारते, बघू ती काय सांगतीया."

मग त्यांनी परीक्षा घेतली. काळीच्या पोटच्या म्हाताऱ्या किती? बुचीच्या अंगानं आता जित्या कोन? त्या जुळ्यातल्या धाकट्याची पणजी कोन? साडू टाइप करायचे आणि प्रश्न हवेत आहे तोवर उत्तर यायचं, पूर्ण, एकही नाव न गाळता, एकही परकं न घेता. इतक्या वर्षांत त्यांच्या कामाची अशी परीक्षा कुणी घेतली नव्हती आणि इतक्या जाणत्या परीक्षकाने तर नक्कीच नाही. साडूंचा चेहरा फुलला होता. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की मी छत्री मिटून टाळ्या वाजवायच्या बेतात होतो. ठकूबाईंनी शेवटचं उत्तर ऐकलं, पदराने तोंड पुसलं आणि गुडघ्यावर हात टेकून म्हणाल्या,

"झ्याक केलंसा, सायेब. मंग आता मी इसरले तरी चालंल."

परतीच्या वाटेवर साडूंनी एकही गोष्ट उघडली नाही. भूगाव गेलं, सोसायटीचं वळण आलं, तेही चुकलं, आणि गाडी थेट चांदणी चौकात जाऊन सिग्नलला थांबली तेव्हा ते समोर बघत म्हणाले, "तिनं विसरू नये म्हणून केलं होतं रे मी ते."

मला वाटलं घोटावडं आता संपलं. कुंड्या भरलेल्या होत्या, मेंढरं नव्हती, काम झालं होतं. पण पुढच्या रविवारी सकाळी त्यांनी नेहमीसारखा खालून हॉर्न वाजवला. ठकूबाईंसमोर बसून त्यांनी लॅपटॉप उघडला आणि म्हणाले, "मावशी, एकदा सगळं वाचून दाखवतो, काही राहिलंबिहिलं असलं तर सांगा." आणि वाचायला लागले. माहेरचीच्या पोटातल्या पोटातल्या पोटात काळी, काळीच्या पोटी लंगडी, लंगडीच्या पोटी बुची, बुचीच्या पोटी टिक्कीवाली.

"काय बोलताय!" ठकूबाई एकदम ताठ बसल्या. "टिक्कीवाली बुचीची कशी हुईल? बुचीच्या अंगानं न्हवं ती, किती डाव सांगितलं तुमास्नी! तिची आई..." त्या थांबल्या. डोळे मिटले. ओठ हलायला लागले. साडू वाट बघत राहिले, श्वाससुद्धा जपून घेत. माझा हात छत्रीवर दुखायला लागला तेव्हा कुठे त्यांनी डोळे उघडले. "तिची आई मोरी! मोरी! लिवा नीट. शिकल्याली मानसं तुमी, आन् एवढं ध्येनात ऱ्हात न्हाई?"

"चुकलंच माझं, मावशी," साडू म्हणाले. "आता दुरुस्त करतो."

त्यांच्या बोटांनी टकटक केली. मी छत्री धरून मागेच उभा होतो, मला पडदा स्पष्ट दिसत होता. टिक्कीवाली पहिल्यापासून मोरीच्याच आत होती. साडूंनी कुठलीच कळ दाबली नव्हती, ते नुसते लॅपटॉपच्या कडेवर बोटं वाजवत होते. कुणाला चुकीच्या पोटी घातलं तर ज्या माणसाला जेवण जात नाही, तो आता दर रविवारी एक-दोन मेंढ्या मुद्दाम चुकीच्या आईला देऊन येतो आणि ठकूबाईंची बोलणी खाऊन परत येतो. घोटावड्यात त्यांची ख्याती आता अशी आहे की पुण्याकडचा एक सायेब आहे, लई चांगला माणूस, पण डोक्यात काही राहत नाही बिचाऱ्याच्या.